हाइन्रिख सिंह आणि ‘हेर्त्सोग’ या पदाचे अर्थांतर

ज्याला इतर युरोपीय भाषांच्या द्वारे आपण ‘ड्यूक’ म्हणतो, त्याला जर्मन भाषेत ‘हेर्त्सोग’ असे म्हणतात. या शब्दाच्या प्राचीन रूपात ‘सैन्य’ आणि ‘नेणे’ अशा अर्थांचे दोन घटक आहेत. संस्कृतातील ‘सेनानी’ या शब्दाची घडणही अशीच आहे. सॅक्सन, बव्हेरियन, स्वाबियन इत्यादी जनसमूहांचा रणांगणावरील नेता तो हेर्त्सोग, ही या पदाची मूळ कल्पना होय. तेराव्या शतकात मात्र हाच शब्द सम्राटाकडून मिळालेल्या एका विशिष्ट प्रदेशाच्या धन्याला लावला जाऊ लागलेला दिसतो. हे अर्थांतर कसे घडले, हे समजून घेण्यास सॅक्सनी आणि बव्हेरिया यांचा ड्यूक हाइन्रिख सिंह याच्या चरित्राइतके उद्बोधक दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

हाइन्रिखचा जन्म वेल्फ घराण्यात झाला. त्याचा पिता हाइन्रिख गर्विष्ठ याच्याकडे सॅक्सनी व बव्हेरिया ही दोन्ही ड्यूकपदे होती, आणि त्याची माता सम्राट तिसरा लोथार याची कन्या होती. ११३८ साली राजपदाच्या निवडणुकीत श्टाउफेन घराण्यातील कॉन्राड विजयी झाला व त्याने या प्रबळ प्रतिस्पर्ध्याची दोन्ही पदे काढून घेतली. पुढच्याच वर्षी पिता निवर्तला. हाइन्रिखला ११४२ मध्ये सॅक्सनी परत मिळाले. बव्हेरिया मात्र मिळाले नाही. ११५२ मध्ये फ्रीड्रिख बार्बारोसा राजा झाला, तेव्हा परिस्थिती पालटली. फ्रीड्रिखची माता ही हाइन्रिखच्या पित्याची बहीण. तेव्हा हे दोघे आते-मामेभाऊ होते. ११५६ मध्ये फ्रीड्रिखने बव्हेरिया हाइन्रिखला दिले. मात्र तसे करताना त्याने ऑस्ट्रियाचा प्रदेश त्यातून वेगळा काढून त्याचे स्वतंत्र ड्यूकपद निर्माण केले. पिढीजात जनसमूहाचे राज्य राजाच्या इच्छेने विभागता येते, हे तत्त्व या तडजोडीत आधीच अंतर्भूत होते. परंतु लाभ पदरात पडत असल्यामुळे हाइन्रिखने त्याला हरकत घेतली नाही.

पुढील वीस वर्षांत हाइन्रिखने जी सत्ता उभारली, ती केवळ सेनानायकाची नव्हती. एल्बे नदीपलीकडील स्लाव्ह प्रदेशात त्याने आपला अंमल वाढविला आणि तेथील बिशपांना अधिकारवस्त्रे देण्याचा, एरवी राजाकडे असणारा, हक्क ११५४ मध्ये मिळविला. होल्स्टाइनच्या काउंटने वसविलेले ल्यूबेक आगीत भस्मसात झाल्यानंतर ती जागा आपल्या ताब्यात घेऊन ११५९ मध्ये त्याने त्या नगराची पुनःस्थापना केली. बव्हेरियात फ्रायझिंगच्या बिशपाचा पूल मोडून मिठाचा व्यापारी मार्ग त्याने म्युनिककडे वळविला. त्यावरून झालेल्या तंट्यात ११५८ मध्ये सम्राटाने म्युनिकच्या बाजारपेठेस मान्यता दिली व तिच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपाला ठरवून दिला. ब्राउनश्वाइग येथे हाइन्रिखने उभारलेला काशाचा सिंह, तसेच ११६८ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची कन्या मटिल्डा हिच्याशी झालेला त्याचा विवाह, ही राजतुल्य प्रतिष्ठेचीच चिन्हे होत.

या वैभवाचा पाया मात्र दुबळा होता. ज्यांच्या वारसाहक्कांवर व जमिनींवर हाइन्रिखने आक्रमण केले, ते सॅक्सनीतील सरदार व बिशप ११६६ पासून उघडपणे त्याच्याविरुद्ध लढत होते. सम्राटाने मध्यस्थी केली म्हणूनच तो त्यातून निभावला. हा आधार ११७६ मध्ये ढळला. लोंबार्ड नगरांविरुद्धच्या युद्धासाठी सम्राटाने क्यावेन्ना येथे साहाय्य मागितले असता हाइन्रिखने मोबदला म्हणून चांदीच्या खाणींचे गोस्लार मागितले, आणि ते न मिळाल्याने साहाय्य नाकारले. सम्राटाने त्याच्यापुढे गुडघे टेकल्याची कथा उत्तरकालीन बखरकारांची आहे. त्याच वर्षी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला.

यानंतरच्या अभियोगाचा मुख्य पुरावा म्हणजे १३ एप्रिल ११८० ची गेल्नहाउझेनची सनद. अभियोगाची सारी हकिगत या सनदेत एकाच प्रदीर्घ लॅटिन वाक्यात गुंफलेली आहे. तीत दोन कार्यवाहींचा उल्लेख येतो. चर्चच्या व सरदारांच्या तक्रारींवरून बोलावणे जाऊनही हाइन्रिख हजर झाला नाही, म्हणून तो बहिष्कृत ठरला, ही पहिली. मांडलिकाच्या कायद्यानुसार तीन वेळा पाचारण करूनही तो आला नाही, म्हणून त्याची पदे गेली, ही दुसरी. या वाक्यातील एक शब्द ‘कारण’ असा वाचावा की ‘तिहेरी’ असा, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन विद्वानांत मोठा वाद झाला. कारण पहिल्या कार्यवाहीचे स्वरूप त्या एका शब्दावर अवलंबून होते. वाचन कोणतेही स्वीकारले, तरी दुसऱ्या कार्यवाहीचे महत्त्व कमी होत नाही. ड्यूकपद हे सम्राटाने दिलेले आणि कर्तव्यच्युतीमुळे परत घेता येणारे दान आहे, हे तिने निश्चित केले. मराठ्यांच्या इतिहासाच्या परिभाषेत, ही तुलना स्थूल आहे हे लक्षात ठेवून, असे म्हणता येईल की हाइन्रिख ज्याला वतन समजत होता, ते न्यायसभेने सरंजाम ठरविले.

तथापि हा सम्राटाचा निर्भेळ विजय मानता येत नाही. सॅक्सनीचा पश्चिम भाग वेस्टफालियाचे ड्यूकपद म्हणून कोलोनच्या आर्चबिशपला मिळाला, उरलेला भाग आनहाल्टच्या बेर्नहार्डला. आणि बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओटोला देण्यात आले. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने पुढे १२०४ मध्ये नॉर्मंडी जिंकून आपल्याच खालशात ठेवली. जर्मनीत तसे घडले नाही. ज्या सरदारांनी निवाडा दिला, त्यांच्याच वर्गात त्याचे फळ वाटले गेले.

११८१ मध्ये एर्फुर्ट येथे हाइन्रिख शरण आला. त्याला ब्राउनश्वाइगच्या परिसरातील खाजगी मालमत्ता तेवढी परत मिळाली. पुढील काही वर्षे त्याने सासऱ्याच्या आश्रयाने काढली. ६ ऑगस्ट ११९५ रोजी ब्राउनश्वाइग येथे त्याचा मृत्यू झाला. १२३५ मध्ये त्याचा नातू ओटो याने आपली खाजगी भूमी सम्राट दुसरा फ्रीड्रिख याच्या स्वाधीन केली, आणि सम्राटाने तीत भर घालून ती नवे ड्यूकपद म्हणून त्यालाच परत दिली. वेल्फ घराणे पुन्हा ड्यूकपदावर आले खरे. पण या नव्या पदाच्या नावात सॅक्सन जनांचा उल्लेख नव्हता. ‘ब्राउनश्वाइग–ल्युनेबुर्ग’ या दोन स्थळांच्या नावांनी ते ओळखले जाऊ लागले. आजोबाने ज्या तत्त्वाशी झुंज घेतली, ते नातवाने अशा रीतीने आपल्या बिरुदातच मान्य केले.