डाउनलोड केलेल्या फायलींची दोन कुलपे

डाउनलोड केलेली वर्डची फाईल उघडते, पण तीत दुरुस्ती करता येत नाही, ही तक्रार मी अभ्यासक मित्रांकडून नेहमी ऐकतो. माझ्या पाहण्यात याची कारणे बहुधा दोन असतात, आणि त्यांची गल्लत झाली तर श्रम वाया जातात.

पहिले कुलूप उगमाचे. इंटरनेटवरून आलेल्या फाईलला विंडोज 'झोन आयडेंटिफायर' नावाची अदृश्य चिठ्ठी जोडते. तीत ३ हा आकडा दिसला, की वर्ड ती फाईल केवळ वाचण्यापुरती उघडते. पाठवणारा खात्रीचा असेल, तरच फाईलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर खूण करावी.

दुसरे कुलूप वापराचे. फाईल उघडी असेपर्यंत वर्ड तिच्या शेजारी एक छोटी लपलेली फाईल ठेवते. वर्ड अचानक बंद पडले तर ती मागे उरते आणि मूळ फाईल कुणीतरी वापरत असल्याचे दाखवते. अशा वेळी संगणक पुन्हा सुरू करून ती पुसावी. फोल्डर सामायिक असेल तर मात्र आधी सहकाऱ्याला विचारावे. नाहीतर एकाच्या दुरुस्त्यांवर दुसऱ्याच्या चढतात.

कागद कुठून आला आणि सध्या कुणाच्या हाती आहे, हे दोन प्रश्न पोथ्या हाताळणाऱ्यांना नवे नाहीत.