‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कोरियांतील परकीयाचा विरंगुळा

कोरियन भाषेंत ‘उरि’ असें एक लहानसें सर्वनाम आहे. त्याचा अर्थ ‘आम्ही’ किंवा ‘आमचा’. कोरियन मनुष्य सहसा ‘माझी आई’ म्हणत नाहीं, ‘उरि’ आई म्हणतो. मग तो एकुलता एक कां असेना! ‘आमची आई’, ‘आमचे हे’ असें बोलणाऱ्या मराठी घरांत या प्रयोगाचें नवल वाटूं नये. परंतु मराठीनें केलेला एक सूक्ष्म भेद ‘उरि’ या शब्दांत नाहीं. ऐकणाऱ्याला वगळावयाचें असेल तर मराठी मनुष्य ‘आम्ही’ म्हणतो. त्याला सामील करून घ्यावयाचें असेल तर ‘आपण’ म्हणतो. ‘उरि’ दोन्ही अर्थीं चालतो. म्हणून सोलसारख्या शहरांत नोकरीसाठीं किंवा शिक्षणासाठीं राहावयास गेलेल्या परकीयापुढें एक प्रश्न सतत उभा असतो : समोरचा मनुष्य ‘उरि’ म्हणतो तेव्हां त्यांत परक्याचा समावेश आहे कीं नाहीं?

हा प्रश्न मूठभर लोकांचा राहिलेला नाहीं. २०२३ सालच्या अखेरीस, अल्पकाळ व दीर्घकाळ राहणारे मिळून, दक्षिण कोरियांत २५ लक्षांहून अधिक परकीय होते. म्हणजे जवळजवळ विसांतील एक. पुण्याजवळ रांजणगांवला कोरियन कंपनीचा कारखाना उभा राहिल्यापासून तो देश मराठी कुटुंबांनाही पूर्वींइतका दूर वाटत नाहीं.

प्रश्नाचें उत्तर कचेरींत मिळणें कठीण. तेथें भेट होतांच वय विचारलें जातें. त्यांत उद्धटपणा नसतो, व्याकरण असतें. मराठींत ‘तूं’ कीं ‘तुम्ही’ एवढेंच ठरवावें लागतें. कोरियनमध्यें प्रत्येक वाक्याच्या अखेरचें क्रियापद वडीलकीप्रमाणें आपलें रूप पालटतें. २८ जून २०२३ पासून कायद्यानें वयाची गणना वाढदिवसावरून करण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. त्यापूर्वीं व्यवहारांत मूल जन्मतःच एक वर्षाचें धरीत आणि नववर्षाबरोबर सर्वांचेंच वय एकानें वाढे. गणना बदलली, तरी थोर कोण व धाकटा कोण हें ठरविल्यावांचून संभाषण पुढें सरकत नाहीं. नवख्या परकीयाला या उतरंडींत स्वतःची पायरीच सांपडत नाहीं. ती सांपडते ती बहुधा कचेरीबाहेर, विरंगुळ्याच्या जागीं.

त्यांतही गंमत अशी कीं, सुटी ही वस्तु कोरियन समाजाला अलीकडेच मिळालेली आहे. आठवड्याला ४४ तास, म्हणजे शनिवारचाही कांहीं भाग, काम करण्याची तेथें रीत होती. २००३ सालीं कायदा दुरुस्त झाला आणि २००४ पासून ४० तासांचा आठवडा क्रमाक्रमानें लागू झाला. शाळांना सर्व शनिवारीं सुटी मिळूं लागली ती तर २०१२ सालीं. इतक्या उशिरां हातीं आलेली सुटी कोरियन मनुष्य झोपून घालवीत नाहीं. कामाच्याच निष्ठेनें तो विरंगुळ्याला लागतो आणि सहसा जथ्यानें लागतो.

पहिलें ठिकाण डोंगर. देशाचा बराच मोठा भाग डोंगराळ आहे. सोल शहराच्या उत्तरेला लागूनच बुखानसान हें १९८३ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय उद्यान असून त्याचें बेगुन्दे शिखर सुमारें ८३६ मीटर उंच आहे. भुयारी रेल्वेनें पायथ्याजवळ जातां येतें. शनिवार-रविवारीं तेथें पाठीला पिशवी व हातीं काठी घेतलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांची रांग लागते आणि तरुण परकीयाला मागें टाकून ती पुढें जाते! विसाव्याच्या खडकावर मात्र अनोळखी माणसापुढेंही काकडीची फोड धरली जाते. ती घ्यावी, शक्य तर दोन्ही हातांनीं घ्यावी. डोंगर उतरल्यावर पायथ्याच्या खाणावळींत कांद्याच्या पातीचें जाड धिरडें आणि माक्कॉल्ली नांवाचें तांदळाचें दुधट मद्य घेण्याची रीत आहे. मद्य न घेणाऱ्यानें धिरडें घ्यावें, पण पंगत सोडून जाऊं नये.

दुसरें ठिकाण ‘बांग’. या शब्दाचा अर्थ खोली. शहरांतील बहुसंख्य कुटुंबें उंच इमारतींतल्या बिऱ्हाडांत राहतात आणि मित्रमंडळ घरीं जमविण्यापेक्षां बाहेर भेटण्याकडे कल असतो. म्हणून दिवाणखान्याचें काम भाड्याच्या खोल्या करतात. ‘नोरे’ म्हणजे गाणें. नोरेबांग ही गाण्याची खोली. १९९१ च्या सुमारास बुसान शहरांत तिचा आरंभ झाला आणि लवकरच ती देशभर पसरली. पडद्यावर शब्द उमटतात, यंत्र साथ करतें आणि एकेकानें गावयाचें असतें. बेसूर गायलेलें खपतें. मुळींच न गाणें मात्र खपत नाहीं. गोड गळ्याची परीक्षा तेथें नाहींच; स्वतःचें हंसें करून घेण्याची तयारी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें.

जिमजिलबांग ही उष्ण स्नानगृहाची जागा याहून नवलाची. येथें भारतीय मनुष्य प्रथम बिचकतो, कारण पुरुषांच्या व स्त्रियांच्या स्वतंत्र स्नानगृहांत वस्त्रावांचून वावरावें लागतें. सामाइक हौदांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुणें हा कडक नियम. नंतर संस्थेनेंच दिलेला सैल पोशाख घालून सर्व कुटुंबें एकाच तापलेल्या जमिनीवर आडवीं होतात. जमीन खालून तापविण्याची ही ‘ओन्दोल’ पद्धत फार जुनी. २०१८ सालीं सरकारनें ती राष्ट्राचा अमूर्त वारसा म्हणून नोंदविली. तेथें भाजलेलीं अंडीं आणि शिख्ये नांवाचें गोड, गार तांदळाचें पेय मिळतें. ज्या समाजांत हुद्दा क्षणभर विसरतां येत नाहीं, त्या समाजांत साहेब आणि उमेदवार एकाच पोशाखांत जमिनीवर पडलेले दिसावेत, ही लहान गोष्ट नव्हे.

भोजनाचे नियम ठाऊक असले म्हणजे दार आणखी उघडतें. वडील माणसानें चमचा उचलल्याशिवाय धाकट्यानें उचलूं नये. आपला पेला आपण भरूं नये, दुसऱ्याचा भरावा. वडिलांसमोर मद्य घेतांना तोंड किंचित् वळवावें. भातांत चमचा उभा खोंचूं नये, कारण मृतांपुढें अन्न तसें ठेवितात. शाकाहारी माणसाची खरी पंचाईत होते. किमची म्हणजे कोबीचें लोणचें, परंतु त्यांतही बहुधा खारवलेली मासळी असते. त्याच्यासाठीं एक उत्तम वाट आहे ती बौद्ध मठांची. २००२ सालच्या जागतिक फुटबॉल सामन्यांच्या निमित्तानें मठांनीं पाहुण्यांना मुक्कामाला घेण्यास आरंभ केला. तेथील मुदपाकखान्यांत मांस तर नाहींच, पण कांदा-लसूणही वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या घरांतील मनुष्य त्या पंगतींत परका राहत नाहीं.

या सर्व चित्राला एक काळी बाजू आहे. विरंगुळ्याला आधीं मोकळा वेळ लागतो. २००४ सालीं सुरू झालेल्या परवाना-पद्धतीनें नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इत्यादि देशांतून आलेल्या कामगारांना कुटुंब बरोबर आणतां येत नाहीं आणि मनास येईल तेव्हां कारखानाही बदलतां येत नाहीं. सोलच्या नैर्ऋत्येस आन्सान शहरीं वोन्गोक-दोंग या वस्तींत सुटीच्या दिवशीं असे कामगार जमतात, आपापल्या देशची भाजी घेतात, आपल्या भाषेंत बोलतात. त्यांचा विरंगुळा म्हणजे कोरियाची ओळख नव्हे. कोरियापासून घटकाभर सुटका. ज्याला डोंगर, गाणें व स्नान यांची निवड करतां येते, त्यानें ती निवड हें भाग्य समजावें.

खरी कसोटी लागते ती छुसोकच्या सणाला. चांद्रवर्षाच्या आठव्या महिन्यांतील पौर्णिमेला हा सण येतो आणि तीन दिवसांची सुटी असते. गणपतींत मुंबईचा चाकरमानी जसा कोंकणाकडे धांवतो, तसें सोल आपल्या गांवीं जातें. गाड्या भरतात, दुकानें मिटतात, आणि एरवीं गजबजलेल्या रस्त्यावर एकटा परकीय तेवढा उरतो. वर्षभरांत डोंगरावर, गाण्याच्या खोलींत, पंगतींत त्यानें जें जोडलें असेल, त्याचा हिशेब या तीन दिवसांत लागतो. कोणाकडून बोलावणें आलें तर त्या घरीं ‘सोंगप्योन’ करीत असतात : तांदळाच्या पिठाची पारी, आंत तीळ किंवा गोड सारण, आकार अर्धचंद्राचा, आणि पाईनच्या पानांवर वाफवलेली, उकडीच्या करंजीची सख्खी बहीणच म्हणावी. पाहुण्याला उच्चासनीं बसवून तयार ताट पुढें केलें, तर तो अजून ‘आम्ही’च्या बाहेर आहे. घरच्या आजीबाईंनीं पिठाचा गोळा त्याच्या हातांत देऊन पारी करावयास बसविलें आणि त्याच्या वेड्यावांकड्या आकाराला सर्व घर हंसलें, तर ‘उरि’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता ‘आपण’ असा झाला असें खुशाल समजावें.