विश्वकिरणांची दिशाविषमता

उच्च ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीवर सर्व दिशांनी जवळजवळ सारख्या प्रमाणात येतात. त्यातील अल्प फरकास दिशाविषमता म्हणतात. विश्वकिरण हे मुख्यतः प्रोटॉन व इतर अणुकेंद्रे होत. विद्युत् भारामुळे त्यांचे मार्ग आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रांत वाकतात. म्हणून आगमनदिशेवरून उगमस्थान सरळ ओळखता येत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटकमंड येथील ग्रेप्स-३ प्रयोगात २०१३ ते २०१६ या काळातील सु. ३७० कोटी कणवर्षावांचे विश्लेषण करण्यात आले. सु. १६ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेस आकाशाच्या दोन भागांकडून येणारे किरण सरासरीहून दर १०,००० मागे अवघ्या ५-६ नी अधिक आढळले. इतका सूक्ष्म फरक हवेचा दाब व तापमान यांतील बदलांनीही भासू शकतो. त्यामुळे या दुरुस्त्याच खऱ्या कष्टाच्या असतात.

याच्या लक्षावधी पट ऊर्जेस चित्र पालटते. अर्जेंटिनातील प्येर ओझे वेधशाळेने २०१७ मध्ये सु. ६.५ टक्के विषमता जाहीर केली. आधिक्याची दिशा आकाशगंगेच्या केंद्रापासून सु. १२५° दूर असल्याने हे किरण आकाशगंगेबाहेरून येतात, असे अनुमान निघाले. ते कोणत्या दीर्घिकांतून येतात, हे मात्र अद्याप निश्चित झालेले नाही.