उथळ कुंडीतील वड

बैठकीच्या खोलीजवळील सज्जात दीड फूट उंचीचा वड पाहिला की पाहुणे हमखास विचारतात, ‘‘झाडाला असे खुजे ठेवणे ही निर्दयता नव्हे काय?’’ प्रश्न रास्त आहे. जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साई’ म्हणजे लावणी. बोन्साय उपासमारीने लहान राहत नाही. फांद्या व मुळे यांच्या वेळोवेळच्या छाटणीने राहते. मात्र जमिनीतील वड आपले पाणी आपण शोधतो. कुंडीतील वडाला ते आपणच द्यावे लागते.

म्हणून उन्हाळा हा कसोटीचा काळ. उथळ कुंडीतील थोडी माती लवकर सुकते. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ ती बोटाने चाचपावी. वरचा थर सुकू लागताच तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे. तापलेल्या फरशीवर कुंडी टेकवू नये. दुपारी सावली असावी.

पावसाळ्यात चिंता उलटी. पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून छिद्रे मोकळी ठेवावीत, खालची ताटली काढावी. दोन-तीन वर्षांतून एकदा, पावसाच्या आरंभी, माती बदलून मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटावा आणि काही दिवस झाड सावलीत ठेवावे. या दिवसांत फांद्या झपाट्याने जाड होतात. आकारासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी.

हिवाळ्यात वाढ मंदावते. तेव्हा पाणी बेताने द्यावे, खत थांबवावे आणि कोवळे ऊन मिळू द्यावे.

हा क्रम किती काळ चालू शकतो? हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबातील एका पाइनचे संगोपन १६२५ पासून होत आले. १९४५ च्या अणुस्फोटातून ते झाड वाचले. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला ते पाहावयास गेले, तेव्हा कुठे स्फोटाची हकिकत तेथील सांभाळणाऱ्यांना कळली. देश बदलला, हात बदलले. पाणी चुकले नाही.

पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सुटीत गावी जाताना घराच्या किल्लीबरोबर कुंडीची जबाबदारीही शेजाऱ्यांवर सोपवावी. ज्या घरी रोज माती चाचपणारे कोणी नाही, त्यांनी वड जमिनीतच लावावा.