धाडची खेळाडू कोणत्या विद्यापीठाकडून खेळणार?

आता धाडचंच उदाहरण घेऊ. आपला बुलडाणा जिल्हा अमरावती विद्यापीठात, आणि शेजारचा भोकरदन तालुका मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे धाडची मुलगी कबड्डी कोणाच्या जर्सीत खेळणार, हे गावावर नाही, कॉलेजवर ठरतं. १९८३ साली नागपूरपासून अमरावती विद्यापीठ वेगळं झालं; पण अमरावतीतली खेळाची परंपरा त्याहून जुनी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. विद्यापीठाची वाट अशी: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, पुढे अखिल भारतीय. कॉलेजनं संघच उतरवला नाही, तर चांगली खेळाडूही पहिल्या पायरीवर अडते. म्हणून प्रवेश घेतानाच आपण विचारायचं: इथून मुलींचा संघ जातो का?