कडू जिभेवर, पपनस नाकात

‘सिएरा नेव्हाडा पेल एल’ फ्रिजमधून काढल्या काढल्या घटाघटा प्यायली, तर तिचे निम्मे गुण हुकतात. बिअर फार थंड असली की तिच्यातले सुगंधी रेणू हवेत नीट उडत नाहीत आणि जीभही बधिरते. म्हणून जाणकार बाटली थोडा वेळ बाहेर ठेवतात. तापमान आठ-दहा अंश सेल्सिअसपर्यंत आले की ती ग्लासात ओततात, वर दोन बोटे फेस धरू देतात आणि घोट घेण्याआधी ग्लासात नाक घालतात. आधी येतो तो पपनसाच्या सालीचा झणझणीत वास. त्यामागून चिडाच्या राळेचा, आणि सर्वांत शेवटी फुलांचा, हलका. या बिअरमध्ये पपनस नसते, राळ नसते आणि गुलाबही नसतो. हा सगळा दरवळ एकाच वेलीचा असतो.

ती वेल म्हणजे हॉप, शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. ही भांगेच्या कुळातली आहे. तिच्यात नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात आणि बिअरच्या कामी येतात ती मादी वेलीची पोपटी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडे. एखादे बोंड मधोमध उकलून पाहिले, तर पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळीजर्द, चिकट भुकटी दिसते. बोटांवर चोळली की तिचा वास साबणानेही लवकर जात नाही. या भुकटीला ल्युप्युलिन म्हणतात. तिच्यात बिअरच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: कडवटपणा देणारी अल्फा आम्ले आणि सुगंध देणारी उडनशील तेले. दोघांचे स्वभाव मात्र अगदी उलटे.

अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मोड आणून वाळवलेल्या जवाचे, म्हणजे माल्टचे गोड पाणी तासभर उकळत ठेवले, की त्यात घातलेल्या हॉपमधल्या या आम्लांच्या रेणूंची रचना बदलते. त्यांची आयसो-अल्फा आम्ले होतात. ती विरघळतात आणि चांगलीच कडू लागतात. हा कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे साधारणपणे लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. सिएरा नेव्हाडा पेल एलचा आकडा 38 आहे आणि तिच्यात मद्यार्क 5.6 टक्के. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांतले तीन हॉपच्या कडू घटकांना प्रतिसाद देतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. कडवटपणाला माल्टचा गोडवा तोलून धरतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून चवीचा अंदाज बांधता येत नाही.

याच आम्लांचा आणखी एक गुण डोळ्यांना दिसतो. माल्टमधल्या प्रथिनांशी त्यांची जोडी जमते आणि फेस टिकाऊ होतो. ग्लास रिकामा होत जातो, तसतशी आतल्या काचेवर फेसाची जाळीदार वर्तुळे उरतात. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला असेल, तर ती उमटत नाहीत.

सुगंधी तेलांना मात्र उकळी मानवत नाही. तासभर उकळले की त्यांचा बराचसा भाग वाफेबरोबर निघून जातो. आमटी उतरवताना वरून कोथिंबीर घालावी, तसा सुगंधाचा हॉप अगदी शेवटी पडतो. कडवटपणाचा आधी आणि सुगंधाचा नंतर, असे दोन वेळचे हॉप एकाच बिअरमध्ये नांदतात. काही बिअरमध्ये तर आंबवण झाल्यावर, थंड टाकीतच तो सोडतात.

या बिअरला तिचा सुगंध देणाऱ्या हॉपच्या वाणाचे नाव कॅस्केड. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ओरेगॉनमधल्या पैदास कार्यक्रमात 1956 साली गोळा केलेल्या बियांपासून तो निघाला. त्याच्या वंशावळीत फगल हे जुने इंग्रजी वाण आहे. केवडा रोगाला दाद न देणारे वाण हवे होते, म्हणून तो निवडला गेला. सुगंधाची कदर पुढे झाली. 1972 मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. युरोपातल्या सौम्य, मसालेदार हॉपची सवय असलेल्या बड्या कंपन्यांना हा लिंबूवर्गी वास उग्र वाटे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 च्या ‘लिबर्टी एल’मध्ये तो मोकळ्या हाताने वापरला. पुढे केन ग्रॉसमन या सायकल दुरुस्त करणाऱ्या, घरी बिअर गाळणाऱ्या तरुणाने एका जोडीदारासह कॅलिफोर्नियातल्या चिको गावी ‘सिएरा नेव्हाडा’ ही छोटी ब्रुअरी उभारली. दूध डेअरीच्या जुन्या टाक्या आणून त्याने त्या स्वतः जोडल्या. 1980 च्या अखेरीस गाळप सुरू झाले. पेल एलची चव दर वेळी सारखी येईना, म्हणून सुरुवातीच्या अनेक खेपा त्याने सांडून दिल्या. जी अखेर जमली, ती अमेरिकन पेल एल या प्रकाराचा मापदंड ठरली.

कॅस्केडच्या वासात नेमके काय असते? एक रेणू लिनॅलूल. धण्यांच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. दुसरा जेरॅनिऑल, जो गुलाबात आहे आणि रोशा गवतातही. खानदेशातल्या रोशाचे तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, ते याच रेणूमुळे. बिअर आंबताना यीस्ट काही जेरॅनिऑलचे सिट्रोनेलॉल करते आणि वास लिंबाकडे झुकतो. पपनसाच्या छटेमागे गंधकयुक्त रेणूंचाही हात आहे. त्यांतल्या एकाला संशोधक 4-एमएमपी म्हणतात. लिटरभर बिअरमध्ये तो दोन-तीन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन-तीन अब्जांश असला, तरी नाकाला कळतो. जपानी संशोधकांना तो अमेरिकी हॉपमध्ये सापडला, युरोपीय हॉपमध्ये नाही. युरोपातल्या मळ्यांवर होणारी तांबेयुक्त बुरशीनाशकांची फवारणी हे त्याचे एक कारण त्यांनी दिले. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे बोर्डो मिश्रण याच घराण्यातले.

आता घोट. वाइनचे परीक्षक वाइन थुंकतात. बिअरचे परीक्षक बहुधा गिळतात. गिळताना घशातून वर चढणारी हवा नाकाच्या मागच्या बाजूने गंधपेशींपर्यंत पोहोचते, आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग तिथे घडतो. घोट घेताना नाक चिमटीत धरले, तर बिअर नुसती कडू-गोड लागते. चिमटी सोडली की पपनस हजर होते. कडवटपणा सावकाश चढतो आणि रेंगाळतो, त्यामुळे दुसरा घोट घाईने घेऊ नये. या परीक्षेला शंभर मिलिलिटर पुरतात. मद्यार्काचा धोका मात्रेबरोबर वाढतो, आणि तिसऱ्या ग्लासापर्यंत नाकही थकलेले असते.

हे सगळे टिकते मात्र थोडेच दिवस. पहिला शत्रू प्रकाश. बिअरमधले रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा आयसो-अल्फा आम्लांना फोडते. तुकड्यांचा गंधकाशी संयोग होऊन जो रेणू तयार होतो, त्याला स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखी दुर्गंधी येते. ही साखळी 2001 मध्ये अमेरिका आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी उलगडली. तपकिरी काच हा घातक प्रकाश बराच अडवते. हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही. दुसरा शत्रू प्राणवायू, आणि उष्णता त्याची साथीदार. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या बिअरमधले पपनस आधी विरते, मग भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास उरतो. म्हणून हॉपच्या बिअरची बाटली घेताना पहिल्यांदा भरल्याची तारीख पाहावी.

महाराष्ट्रात 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी रुळल्या. टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला ना ऊन लागते ना ट्रकचा प्रवास. हॉप मात्र आपल्याकडे पिकत नाही. फुलण्याआधी वाढायला त्याला उन्हाळ्यातले लांबलचक दिवस लागतात, ते इथल्या अक्षांशांवर मिळत नाहीत. भारतात त्याची शेती आहे ती हिमाचलातल्या लाहौलच्या थंड खोऱ्यात.

ताजेपणाची हद्द पाहायची तर पुन्हा चिकोलाच जावे लागते. तोडलेल्या बोंडांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. ती लवकर सडतात, म्हणून जवळपास सगळा हॉप भट्टीत वाळवतात, आणि वाळवताना काही सुगंध हरवतोच. 1996 मध्ये सिएरा नेव्हाडाने वॉशिंग्टन राज्यातून ओली बोंडे ट्रकने मागवली, तोडणीपासून दिवसभरात ती उकळत्या हंड्यात घातली आणि ‘हार्व्हेस्ट एल’ काढली. वजनाने वाळलेल्या हॉपच्या कितीतरी पट बोंडे त्यात लागतात. आज अमेरिकेतल्या अनेक ब्रुअरी तोडणीच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, अशी ओल्या हॉपची बिअर गाळतात आणि ती काही आठवड्यांतच संपवा, असे गिऱ्हाइकांना सांगतात.