डिस्क सापडली!

मित्रांनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून शाळेच्या संगणकात लिहिल्या होत्या. माझ्या आजीचीही होती. आजी आता नाही.

सोमवारी संगणकाला हार्ड डिस्कच सापडेना. माझ्या पोटात गोळा आला!

गुरुजींनी आधी बटण बंद केले, प्लग काढला, मग सीपीयूचे झाकण उघडले. हार्ड डिस्कला दोन वायरी असतात. एक वीज देते, दुसरी माहिती नेते. दुसरी सैल झाली होती. ती नीट बसवली अन् डिस्क दिसली!

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र संगणक पुन्हा पुन्हा चालू करू नये. माहिती कायमची जाऊ शकते.

आम्ही लगेच सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. तुम्हीही घ्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी